आप्पा, गाडीचा सेल्फ लागला

प्रिय आप्पा,

पत्राच्या माथ्यावर 'तीर्थरूप' लिहिलं की पुढचं सगळं ताठ होऊन बसतं, म्हणून नुसतं प्रिय. उद्या खंडेनवमी. तुम्ही चालवायचा ती निपाणी-बेळगाव गाडी आमच्या कारखान्याच्या दारात उभी आहे आणि परवा तिचा सेल्फ लागला. पायाखालचं बटण दाबलं आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं! आईला ते सांगितलं. पण सांगताना तुमच्यावर एक ठपका ठेवावा लागला. तो तुम्हाला माझ्याकडूनच कळावा, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर आम्ही निपाणी सोडली आणि कंग्राळीला मामाकडे आलो. पुढे लढाई सुरू झाली, बेळगावात कारागीर शिकवायचे वर्ग निघाले, आणि मी मोटारीच्या विजेचं काम शिकले. आता कारखान्यात डायनामो आणि सेल्फ तपासते. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? बहुतेक एवढंच: "शांते, हात नीट धू गं, भाकरीला वंगणाचा वास येतोय."

ती खंडेनवमी तुम्हाला आठवते? मालकांच्या तंबाखूच्या वखारीसमोर गाडी उभी होती. झेंडूच्या माळा, टपावर ऊस. आणि रंग तर ताजा, हिरवागार! आईनं आणलेला नारळ तुम्ही चाकापाशी फोडलात आणि तो आत काळा निघाला. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "नारळ कुनी आणलाय?" सगळ्या माना आईकडे वळल्या. तुम्ही हसलात. "अरं, देवानं आदीच खाल्लाय, आमच्यासाठी ठेवलाच न्हाय!"

मग तुम्ही सीटवर बसून बटण दाबलंत. आतून नुसती कण्हल्यासारखी कुरकुर आली. पुन्हा दाबलंत. तेच. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

निपाणीच्या मिस्त्रीनं बॅटरी बदलली, सेल्फचे कार्बन बदलले आणि शेवटी हात टेकले. मालक म्हणाले, पुढून हँडल मारून इंजिन फिरवा. तुम्ही रोज हँडल मारू लागलात. आणि एका सकाळी इंजिनाच्या झटक्यानं ते उलटं फिरून तुमच्या मनगटावर आलं.

आप्पा, अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे तुम्ही सगळ्या नव्या ड्रायव्हरांना सांगायचा. मग तुमचाच अंगठा का गुंडाळलेला होता? मनगटाला एवढी जखम झाली, तिच्यात रस्त्याची माती गेली, तरी वर हळद बांधून एका हातानं गाडी का चालवलीत? दवाखाना स्टँडपासून किती लांब होता? धनुर्वात म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही आजारी पडल्यावर कळलं.

आईनं मात्र हे असलं काही विचारलं नाही. तिला कारण सापडलेलं होतं. नारळ तिनं आणला, नारळ नासका निघाला, त्याच घटकेला गाडी रुसली आणि गाडीनं तुम्हाला नेलं. तेव्हापासून घरात ओलं खोबरं आलेलं नाही. बाजारात नारळाचा ढीग दिसला की ती वाट वाकडी करते. मामी एकदा म्हणाली, "वन्सं, नारळ कुनाचा बी नासका निघतोय." आई म्हणाली, "मी कानाशी हालवून बघिटला न्हवता. घाईत घेटला." नारळाचा आणि सेल्फचा संबंध नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. पण मग गाडी त्याच दिवशी का अडली, याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आणि आई नेमकं तेच विचारायची.

लढाईत पेट्रोल मिळेना, म्हणून गाडी वखारीत पडून होती. आता मालकांनी ती ओढून आमच्याकडे आणली. "एकदा बघा," ते आमच्या रामाप्पा मिस्त्रींना म्हणाले. "सेल्फ लागला तर लागला, न्हायतर मोडीत काढतो. तिला बाहेरचं कायतरी लागलंय." मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "बाहेरचं आसंल तर हिलाच दिसंल. विजंचं भूत हीच उतरवते की!"

मी हसले नाही. सरळ जुनी बॅटरी सोडवायला घेतली.

नवी, भरलेली बॅटरी लावली. दिवे लख्ख लागले. पण बटण दाबलं की दिवे विझायला यायचे आणि सेल्फ नुसता कण्हायचा. ते बघून कुणीही बॅटरीलाच बोल लावील. निपाणीच्या मिस्त्रीनं तेच केलं, त्यात त्याची चूक नाही. मी सेल्फ उतरवून बाकावर घेतला आणि त्याला बॅटरीच्या वायरी थेट लावल्या. गरगर फिरला! परत गाडीत बसवला, तर पुन्हा मुका.

बॅटरी चांगली आणि सेल्फही चांगला. म्हणजे खोट त्या दोघांच्या मधल्या वाटेवर. बॅटरीची एक वायर सेल्फकडे जाते, दुसरी गाडीच्या सांगाड्याला, चासीच्या लोखंडाला, बोल्टनं आवळलेली असते. वीज त्या लोखंडातूनच परतते. मीटरचं एक टोक मी बॅटरीच्या त्या दुसऱ्या खुंटीवर धरलं, एक टोक घासून साफ केलेल्या लोखंडावर, आणि मिस्त्रींना बटण दाबायला सांगितलं. काटा जवळजवळ जागचा हलायला नको होता. तो उसळला! म्हणजे वीज तिथंच अडत होती.

बोल्ट सोडला. वायरच्या टोकाखाली लोखंड नव्हतंच. रंग होता. हिरवा, जाड, दोन हात दिलेला. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम वीज जायची. दिव्यांना ती पुरे, सेल्फला कशी पुरणार?

तो रंग कुणाचा हे मला शोधावं लागलं नाही, आप्पा. त्या नवमीच्या आधी तुम्ही बॅटरी, तिची पेटी, वायरी, सगळं सोडवून गाडीखाली आडवे झाला होता. मी डबा धरून उभी होते. तुम्ही म्हणाला होता, "वरनं रंगवायला कुनाला बी येतंय. जितं कुनी बघत न्हाय, तितं रंग पायजे."

आईला काय सांगायचं? वायर गंजली होती असं सांगता आलं असतं. तुमचं नाव मध्ये आलं नसतं. पण मग तिनं तेच विचारलं असतं: त्याच दिवशी का? त्याला उत्तर एकच होतं, आणि ते तुमच्या कुंचल्याचं होतं: रंग दिल्यावर बटण पहिल्यांदा दाबलं गेलं ते पूजेलाच. तुम्ही तुमच्या परीनं गाडीची हौस पुरवलीत आणि तीच नडली, हे तिला सांगायचं? आधी वाटलं, मेलेल्या माणसाच्या माथी हे कशाला मारा. मग वाटलं, जिवंत माणसाच्या माथी मारलेलं आहे, त्याचं काय?

चुलीपाशी बसून सांगितलं. रंगाचा खरवडलेला पापुद्रा तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडात धरला, उलटून बघितला.

"ह्यो त्योच रंग," ती म्हणाली. "त्या दिवशी हिरवी नखं घिऊन पुरणपोळीला बसलंतं. म्या बडबडले, रॉकेलनं तरी पुसा म्हणून."

"मग नारळ?" मी विचारलं.

तिनं पापुद्रा मुठीत मिटला. मग एकदम तुमच्यावरच घसरली! "आगं, गाडीच्या पोटाखाली कोन बघाय जातंय? तितं कशाला रंग फासायचा? लई सोस बाई ह्या माणसाला!" तुम्ही गेल्यापासून तिनं तुम्हाला कधी बोल लावलेला नव्हता. त्या संध्याकाळी चांगली खरडपट्टी काढली. पदर तोंडाला लावून हसली, आणि मग हसणं राहिलं नाही.

आज दुपारी डबा उघडला तर भाकरीशेजारी ओल्या खोबऱ्याची चटणी. एका फडक्यात उद्याच्या पूजेचा नारळही बांधून दिलेला. तिनं सकाळी सांगितलं होतं, "त्याच ढिगातला एक फोडून बघिटला. चांगला निघाला." आप्पा, मी चटणी पुरवून पुरवून खाल्ली.

मी तुमच्यावर ठपका ठेवला. तो बरोबर आहे, मी तो दोनदा तपासला. पण तुम्ही रागावला नसता, असं मला वाटतं. आईचं ओझं उचलायला तुम्ही केव्हाही पुढे झाला असता.

त्या बोल्टाखाली मी रुपयाएवढीच जागा खरवडली आहे. बाकी तुमचा हिरवा रंग आहे तसा आहे, त्याला पॉलिश कागद लावू दिला नाही. यापुढे ही गाडी कुणीही, कितीही हौसेनं रंगवो, दर खंडेनवमीला मी स्वतः खाली जाऊन तेवढी जागा उघडी आहे ना, हे बघीन. हा माझा शब्द.

आणि हात धुऊनच जेवायला बसेन.

तुमची,
शांता