धाकट्याचं बरं चाललंय

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर पाहून दचकला असशील. आई ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं स्वस्थपणे वाचशील. तिचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याहून जास्त ती स्वतः कुरकुरते. थोडक्यात, तब्येत उत्तम.

दर रविवारी तुमचं फोनवर बोलणं होतं, ते मला ठाऊक आहे. तुम्ही बोलत असता तेव्हा मी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालायला जातो, मग त्यांना तहान असो वा नसो. तुमच्या गप्पा लांबल्यामुळे माझा एक निवडुंग बुडून मेला. ‘तो विषय नको,’ असं तू आईला फार पूर्वी बजावलंस आणि तिनं ते पाळलं. तर तो विषय आता साठी ओलांडून निवृत्त झालाय, डोक्यावरचं गवत उडालंय, पोट सुटलंय. बाकी बरं चाललंय. कसं, ते सांगायला बसलोय.

मी प्रबंधाचा विषय घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो, तेव्हा आपलं बोलणं अजून होतं. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष पूर्वी काय बोलत, त्यांना लोक काय म्हणत, कायदा त्यांना काय म्हणे, हे मला जुने शब्दकोश, निकालपत्रं आणि शिपायांची गाणी चाळून शोधायचं होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “असा विषयच नसतो.” मी म्हटलं, “मग प्रबंध अगदी छोटा होईल सर, तुम्हाला तपासायला सोपा.” तो इतका जाड झाला की बांधणाऱ्यानं दोन भाग केले. पुढे तोच विषय शिकवायला लागलो. पहिल्या वर्षी एक बाकही धड भरला नव्हता, आणि निवृत्तीच्या वर्षी पोरं खिडकीत बसून ऐकत होती. त्यातली निम्मी तरी माझे विनोद ऐकायला येत, असा आईचा दावा आहे.

त्या बारीक टायपाच्या पुस्तकांनी डोळ्यांची वाट लावली आणि मी एका चष्मेवाल्याच्या दुकानात गेलो. त्यानं दिवा माझ्या डोळ्यात मारला, नाकाला नाक लागेल इतका जवळ आला आणि म्हणाला, “हलू नका, पापणी मिटू नका, बोलू नका.” यातलं तिसरं आजवर कुणालाही माझ्याकडून करून घेता आलं नव्हतं. आम्ही अजून एकत्र आहोत. आई त्याला चष्मेवाला म्हणूनच हाक मारते. पहिले दोन महिने ती त्याच्याशी बोलत नव्हती. मग त्यानं तिला वाचायचा चष्मा करून दिला. तो लावून ती पहिलं वाक्य बोलली ते असं : “तू दिसायला बरा आहेस की रे!”

मग तो आजार आला, एड्स. आमच्या टोळीत एक जण होता, नाटकांना प्रकाश देणारा. सगळे त्याला शिट्टी म्हणत, कारण त्याची शिट्टी त्याच्या आधी जिना चढून येई. तो आजारी पडला. वॉर्डात त्याचं ताट दाराशी ठेवून पायानं आत सरकवायचे. न्हावी यायला तयार नव्हता, म्हणून मी दाढी करायला शिकलो. पहिल्या दिवशी त्याच्या हनुवटीला कापलं, तर म्हणतो, “मास्तर, आजारानं मरायचं ठरलंय माझं, तुम्ही घाई करू नका.” शेजारच्या खाटेवरचा हसला आणि त्यानंही गाल पुढे केला. वसंत ऋतू संपायच्या आत शिट्टी गेला. शेवटपर्यंत गुळगुळीत होता, एवढं मी केलं.

त्यानंतर आणखी आजारी माणसं आली, तर रुग्णालयाच्या अधीक्षकांनी सांगितलं, खाटा नाहीत. आम्ही म्हटलं, काही हरकत नाही, आमच्या आणतो. घडीच्या खाटा घेऊन आम्ही त्यांच्या कचेरीसमोर अंगणात ओळीनं पसरलो. शिंपी, प्राध्यापक, चष्मेवाला, एक निवृत्त पोलीस. उशाशी फलक होता, ‘हात मिळवल्यानं हा आजार होत नाही, मिळवून बघा.’ येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे आम्ही झोपल्या-झोपल्या हात करायचो. बहुतेक जण वळसा घालून जायचे. तिसऱ्या दिवशी अधीक्षक स्वतः आले, कपाळावर आठ्या घालून, आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. वॉर्ड उघडला. त्याच संध्याकाळी तू बातम्यांत मला पाहिलंस. “टीव्हीवर लोळायला लाज नाही वाटली? आमच्या नावाचा तरी विचार करायचास,” असं म्हणून तू फोन ठेवलास. ते आपलं शेवटचं बोलणं. मला वाईट वाटलं, दादा. पण आम्ही जिंकलो होतो आणि ते सांगायला पहिल्यांदा तूच आठवला होतास.

आईचं तुला काहीच माहीत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. तेव्हा आमच्यासारख्यांसाठी आम्ही चालवलेली हेल्पलाइन म्हणजे आमच्या घरचाच फोन. दुपारी मी वर्गावर असायचो. आई म्हणायची, वाजू दे, मी हात लावणार नाही. एकदा मात्र तो इतका वाजला की तिची झोपमोड झाली. पलीकडून एका घाबरलेल्या माणसानं निरोधाबद्दल काहीतरी विचारलं. आई म्हणाली, “थांब हो बाळा, चष्मा लावते.” मग तिनं आमचं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलं. आईचा आवाज तुला माहीत आहे. मी घरी आलो तेव्हा अख्ख्या जिन्याला निरोध कसा वापरायचा ते पाठ झालं होतं. त्या दिवसापासून दुपारचा फोन तिचा. लोक ‘मावशी आहेत का?’ विचारायचे आणि मी उचलला तर हिरमुसायचे. ती उपदेश करत नसे. पलीकडचा रडू लागला की म्हणायची, “रड, मला घाई नाही, भांडी घासून झालीत.”

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही. चष्मेवाल्याच्या रक्तातही तो विषाणू निघाला. माझ्यात नाही, का नाही, कोण जाणे. एक अख्खा हिवाळा तो इतका वाळला होता की त्याचीच चष्म्याची काडी कानावर ठरेना. त्याच्यामागे त्याचं दुकान कुणाला द्यायचं, इथपर्यंत आमचं बोलून झालं होतं. मग नवी औषधं आली, आणि ती सगळ्यांना मिळावीत म्हणून पुन्हा खाटा काढाव्या लागल्या. आता तो न्याहारीबरोबर एक गोळी घेतो आणि दिवसभर दाढ दुखते म्हणून रडतो. दाढदुखीची तक्रार ऐकताना माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता हे सगळं आजच का, ते सांगतो. हेल्पलाइनला आता वेगळं ऑफिस आहे, तरुण मंडळी आहेत, मी फक्त मंगळवारी सकाळी बसतो. गेल्या मंगळवारी एका गृहस्थांचा फोन आला. एका मित्रासाठी विचारतोय, म्हणाले. मित्राच्या मुलानं घरी सांगितलंय की त्याचं एका मुलावर प्रेम आहे, आणि तेव्हापासून बापलेकांत शब्द नाही. तो आवाज मी ओळखला. नदीत मला पोहायला शिकवताना ‘धरलंय, धरलंय’ म्हणत ज्यानं हात कधीच सोडला होता, तोच हा आवाज. त्यांनी मला ओळखलं का, ठाऊक नाही. फोन करणाऱ्याला नाव विचारायचं नाही आणि फोनवरचं बाहेर न्यायचं नाही, हा आमचा नियम. मी विचारलं नाही आणि आईलाही बोललो नाही. नेहमीची उत्तरं दिली. शेवटी ते म्हणाले, “पण अशा मुलाचं पुढे होतं तरी काय हो?” जन्मभर बोलून पोट भरलेला मी, सगळं पहिल्यापासून सांगायला खुर्ची पुढे ओढून बसलो. तेवढ्यात त्यांनी फोन ठेवला. म्हणून हे लांबलचक उत्तर लिहून पाठवतोय. अशा मुलाचं काय होतं, ते वर सगळं आलंय. तुझ्या त्या मित्राला वाचून दाखव. त्याला म्हणावं, आजच मुलाच्या खोलीत जा आणि त्याच्याजवळ बस, काही सुचलं नाही तरी चालेल. आणि मुलाला सांग म्हणावं, तुला एक काका आहे.

तुझाच,
धाकटा