बबडी शहाणी झाली

५ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी सात

रात्रभर झोप नाही. काल ह्यांचं पहिलं लाइव्ह झालं आणि मधेच बबडी रडली, म्हणून.

लाइव्ह म्हणजे हे कॉम्प्युटरवर गेम बनवतात आणि बनवताना लोक बघतात. खेळताना नाही, बनवताना. मी विचारलं, गवंडी भिंत बांधतो ते कुणी तासन्‌तास बघत बसतं का? हे म्हणाले, बसतात, तुला नाही कळणार. पहाटे पाच ते सात, कारण तेव्हा लांबच्या देशातल्या लोकांची संध्याकाळ असते. मग आंघोळ, आठला ऑफिस. वर्षभर असं केलं की गेम तयार आणि ऑफिसला रामराम.

पण पाच म्हणजे बबडीचीही उठायची वेळ. दहा महिन्यांची पोर, तिला घड्याळातलं तेवढं एकच कळतं. काल असा टाहो फोडला की बास. चार जण बघत होते. त्यातल्या एकाने लिहिलं, बाळ रडतंय. हे म्हणाले, शेजारचं आहे.

मला जरा लागलं. मग विचार केला, बरोबरच आहे. घरातल्या गोष्टी परक्यांना कशाला.

आजपासून वहीत लिहायचं. आठवीपर्यंतचं अक्षर आहे, पण वाचणार कोण, मीच. बबडीला कधी काय दिलं तेही लिहायचं, म्हणजे का रडते ते कळेल.

६ ऑगस्ट, बुधवार

नियम ठरले. लाइव्ह असताना नळ नाही, कुकर नाही, फ्लश नाही. शिंक आली तर उशीत. मी आणि बबडी आता स्वयंपाकघरात झोपतो, खोली ह्यांना. दाराला बाहेरून लाल चिकटपट्टी लावली म्हणजे लाइव्ह चालू, तेव्हा काही झालं तरी दार वाजवायचं नाही. मी विचारलं, आग लागली तर? हे म्हणाले, तर धूर दिसेलच.

बेलची वायर काढली. दूधवाल्याला सांगितलं, पिशवी कडीला अडकवत जा. तो म्हणाला, कोण आजारी आहे का वहिनी? म्हटलं नाही, गेम बनतोय. पुढे त्याने काही विचारलं नाही, दूध मात्र खाली ठेवून हळूच पाय न वाजवता गेला.

माझा मोबाईल पण लागतो त्यांना. टेबलावर एका दांडीला लटकवतात, लोकांना बोटं चालताना दिसली पाहिजेत. दोन तासांचाच प्रश्न. मला पहाटे कोण फोन करणार.

९ ऑगस्ट, शनिवार

आयडिया सापडली. पाचला बबडी उठली की तिला घेऊन जिन्यात बसायचं. आज बसले. खालच्या काकू दार उघडून म्हणाल्या, काय गं, नवऱ्याने बाहेर काढलं का? म्हटलं नाही काकू, हवा खातोय. त्या म्हणाल्या, जिन्यात? पहाटे पाचला? कसली हवा, धुळीची?

त्यांना सगळ्यांच्या घरात नाक खुपसायची सवयच आहे.

हे खूश होते. अकरा लोक बघत होते. त्यातले एक हे स्वतः, ऑफिसच्या मोबाईलवर. पण दहा तरी खरे.

११ ऑगस्ट, सोमवार

जिन्यातली हवा बाधली. बबडीला सर्दी.

काल औषधवाल्याने सर्दीचं औषध दिलं. म्हणाला, ह्याने पोरं झोपतात हां, वर्षाच्या आतल्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका, केवढी आहे? म्हटलं वर्षाची. दोन महिन्यांनी होईलच की.

पहाटे साडेचार, अर्धा चमचा. साडेसातपर्यंत गाढ. हे बाहेर आले, पट्टी काढली आणि चक्क हसले. तिच्या कपाळाला ओठ लावून म्हणाले, आली बाई टीममध्ये. किती दिवसांनी असे हसले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सर्दी गेली म्हणून काल औषध बंद केलं. आज बरोबर पाचला भोंगा. नेमके चाळीस लोक होते. ह्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं. डबा न घेता गेले. जाताना एवढंच म्हणाले, काहीतरी कर.

काय करू ते नाही सांगितलं. मी पण विचारलं नाही.

उद्या अर्धा चमचा देते. सवय लागेपर्यंतच. आठवडाभर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

साडेचार, अर्धा चमचा. रोज.

आज ह्यांनी गेमची गोष्ट सांगितली. एक बाप पाठीवर झोपलेली मुलगी घेऊन जंगलातून घरी चाललाय. काटकी मोडली, पाय घसरला, की मुलगी जागी होते आणि रडते. मग आवाज ऐकून जनावरं येतात. म्हणून तिला उठू द्यायचं नाही, एवढाच खेळ. मी म्हटलं, बाप कशाला, हे काम आईला द्यायचं, तिला येतं. हे हसले, म्हणाले बाप असला की लोकांना नवीन वाटतं.

गेममधल्या मुलीला रडणं हवं होतं. रविवारी बबडीला दुपारी भूक लागेपर्यंत थांबवलं आणि रडायला लागल्यावर माईक धरला. छान आलं. मला अभिमान वाटला. उद्या सगळ्या जगाला तिचा आवाज ऐकू येईल.

विशलिस्ट एकशे चाळीस झाली. म्हणजे इतके लोक म्हणतात, पुढेमागे घेऊ. मी कपाटाबद्दल दोन वर्षं तेच म्हणतेय. पण हे लोक वेगळे असतील.

२४ ऑगस्ट, रविवार

दादा आला होता. माझा भाऊ, टेम्पो चालवतो, वाटेवर माल उतरवायचा होता म्हणून डोकावला. बबडीला उचललं, तर तिची मान त्याच्या खांद्यावर पडलेलीच. दादा म्हणाला, मागच्या वेळी माझ्या मिशा उपटत होती, हिला काय झालंय? म्हटलं मोठी होतेय. तो म्हणाला, पोरं मोठी होतात तशी जास्त उपटतात गं.

मग दाराच्या कडेला लोंबणारी लाल पट्टी बघितली. मी नियम सांगितले. दादाने बबडीला खांद्यावर नीट घेतलं. मग म्हणाला, बॅग भर, चार दिवस चल माझ्याकडे. हे खोलीतूनच म्हणाले, टेम्पोत आहे का जागा, का मालावर बसवणार?

भांडण झालं. मी दादालाच म्हटलं, मी फोन केल्याशिवाय आता येऊ नकोस. तसं म्हणायचं नव्हतं. दादा म्हणाला, बरं. ही वही ओट्यावर पडली होती, तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर स्वतःचा नंबर लिहिला, मोठ्ठा, दुकानाच्या पाटीसारखा. म्हटलं मोबाईलमध्ये आहे रे. तो म्हणाला, मोबाईल कुठे असतो तुझा? तू फोन कर, मी असेन तसा येतो.

दादाला यातलं काही कळत नाही. तो पण आठवीच.

२७ ऑगस्ट, बुधवार

अर्ध्या चमच्याने पावणेसहालाच उठायला लागली. साडेचार, एक चमचा.

ऑफिसमध्ये साहेबांनी ह्यांना मीटिंगमध्ये झोपताना पकडलं. हे म्हणाले, झोपलो नव्हतो, विचार करत होतो. साहेब म्हणाले, घोरत विचार करता? लेखी दिलंय की पुन्हा झालं तर घरी बसा. हे म्हणाले, चांगलंय, पूर्ण वेळ गेमला देता येईल. मला धडकी भरली. पण हसले मी. घरात एकाने तरी हसतं राहावं.

३० ऑगस्ट, शनिवार

साडेचार, दीड चमचा. बाटली संपली. दुसरी लांबच्या दुकानातून आणली. आधीचा औषधवाला फार प्रश्न विचारतो.

आज लाइव्हवर एकाने लिहिलं, शेजारचं बाळ हल्ली रडत नाही, बरं आहे ना? आणखी तिघांनी तेच विचारलं. ह्यांनी सांगितलं, ते लोक दुसरीकडे राहायला गेले. चहा पिताना मला हसत सांगत होते.

सहासष्ट लोक होते. माणसं चांगली आहेत तिकडची.

२ सप्टेंबर, मंगळवार

साडेचार, दीड चमचा. दहाला उठली. उठली म्हणजे डोळे उघडले. खिमटी खाल्ली नाही, तोंडात धरून ठेवली. खेळणं हातात दिलं तर सुटून पडतं. दुपारी परत झोपली.

काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, पोरगी अशी काचेसारखी काय बघते? डॉक्टरला दाखव. म्हटलं शहाणी झालीय काकू, त्रास म्हणून देत नाही. त्या म्हणाल्या, दहा महिन्यांची पोर त्रास देत नाही हाच मोठा त्रास आहे.

मी रात्री तिच्या नाकाशी बोट धरून बसते. श्वास लागतो बोटाला. लागला की मी आडवी होते. मग परत उठते.

शुक्रवारी डेमो आहे, म्हणजे गेमचा पहिला तुकडा लोकांना खेळायला देणार. पाच ते नऊ लाइव्ह, अर्धी रजा. तो झाला की शनिवारपासून औषध बंद. एकदम बंद. बाटली ओतून देणार. लिहून ठेवते म्हणजे शब्द फिरवता येणार नाही. शनिवार.

५ सप्टेंबर, शुक्रवार. पहाटे

साडेचार, दोन चमचे. चार तास आहेत म्हणून.

पाच. पट्टी लागली.

सव्वासहा, जरा हलल्यासारखी वाटली. अजून एक. आज शेवटचं.

५ सप्टेंबर. सकाळी साडेआठ, दवाखान्यात

घाईत लिहितेय, अक्षर लागेल तसं लावा.

साडेसातला मी ओट्यापाशी उभी होते आणि बबडी रडली. खणखणीत, पहिल्यासारखी. मी घाबरले नाही. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं रड बाई, आज रड, मी बघते त्यांचं काय ते. वळले. ती चादरीवर तशीच होती, तोंड बंद.

रडणं खोलीतून येत होतं. गेममधलं.

उचलली तर हात लोंबला. ओठ कसेतरी दिसत होते. बोट धरलं, किती वेळाने श्वास लागला. धावत खोलीच्या दाराशी गेले. हात वर केला. लाल पट्टी दिसली आणि हात खाली आला. का ते मला विचारू नका. मी स्वतःला विचारलं, मला पण सापडलं नाही. आत ती रडत होती आणि हे लोकांना सांगत होते, बघा, किती खरं वाटतं.

बाहेरचं दार उघडलं तर दूधवाला पिशवी अडकवत होता. त्याने बबडीकडे बघितलं आणि हातातलं दूध तिथेच टाकलं. त्याच्या गाडीवर आलो. पायात चप्पल नाही, हातात ही वही, कशी आली माहीत नाही. त्याची दुधाची घरं राहिली होती, तरी बराच वेळ थांबला. आता गेला.

तिला आत नेलंय. नळी लावलीय. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, काय दिलं, किती, कधीपासून. मी वही दाखवली. त्यांनी दोन पानं वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, वही लागेल आम्हाला. सिस्टर आता न्यायला येतायत, तेवढ्यात हे लिहिते.

सगळं खरं लिहिलंय. चमचे खरे आहेत. वय खोटं सांगितलं होतं, दहाच महिन्यांची आहे. अकरा अजून पूर्ण व्हायचेत. बाकी मी जे शहाणी झाली वगैरे लिहिलंय ते वाचू नका.

ह्यांना फोन करू नका. लागणार नाही, नऊपर्यंत लाइव्ह आहे. माझा मोबाईल तिथेच लटकतोय.

मागच्या पुठ्ठ्यावर नंबर आहे, मोठ्ठा. माझ्या भावाचा. जो कोणी हे वाचत असेल, डॉक्टर, सिस्टर, झाडूवाली, कोणीही, त्याला फोन करा. पहिल्यांदा नाही उचलला तर परत करा, टेम्पोत आवाज फार असतो. सांगा, तुझ्या बहिणीने बोलावलंय. तो काही विचारणार नाही. दादाला फोन करा.