आजोबांचं मरण

५ फेब्रु. १९५६, गिरगाव
संचारबंदी उठली. शाळा बंद, शिकवायचं नाही, म्हणून हे काम हाती. दादरचे नानाकाका कुलवृत्तांत छापताहेत. विश्वनाथ आजोबांचं पान माझ्याकडे. घरात सगळ्यांना तोंडपाठ: प्लेगात शेजाऱ्यांची प्रेतं उचलता उचलता स्वतः गेले. आजी विसाव्या वर्षी विधवा, केशवपन. पदरात बाबा आणि आत्या. काकांना फक्त मृत्यूची तारीख हवी.

१० फेब्रु.
नोंदणी कचेरीत तिसरा हेलपाटा. प्लेगाच्या वर्षांत नाव नाही. कारकुनाने पुढच्या वह्याही दाखवल्या. सापडलं. नाव, वडिलांचं नाव, मूळ गाव, सगळं तेच. राहणार माहीम. प्लेगानंतर पंचवीस वर्षांनी!
आजी तर तेव्हा हयात...

१२ फेब्रु., रवि.
माहीमला त्या पत्त्यावर गेले. सुमतीबाई, पन्नाशीच्या. भिंतीवर त्यांच्या वडिलांची तसबीर. कपाळ थेट माझ्या बाबांचं.
मी दूरची नातेवाईक म्हणून सांगितलं. खोटंच.
म्हणाल्या, "आमच्या बाबांचं पहिलं कुटुंब प्लेगात गेलं हो. बायको, दोन मुलं. दर सर्वपित्रीला तिघांना पाणी सोडायचे. डोळे भरून यायचे."
आमच्याकडे ते मेले, त्यांच्याकडे आम्ही. बाबा इथे शाळेत जात होते तेव्हा.
चहा कसाबसा संपवला.

१३ फेब्रु.
आत्याला सांगितलं. मोहरी निवडत होती, हात थांबला नाही.
"आईला ठाऊक होतं. ते प्लेगाला भिऊन पळाले. दोन महिन्यांनी कळलं, माहीमला दुसरा संसार मांडलाय. दुसऱ्या दिवशी तिने न्हावी बोलावला."
"नवरा जिवंत असताना?"
"टाकलेली बाई म्हणवून घेण्यापेक्षा बरं, म्हणाली. प्रेतांची गोष्टही तिचीच. तुझ्या बापाला मान वर करून चालता यावं म्हणून."
मग मी पाण्याचं सांगितलं. हे मात्र तिला नवं होतं. मोहरीचं सूप खाली ठेवलं. मग हळूच, "पाणी सोडताना माझं नाव घ्यायचे?"
ते मी सुमतीबाईंना विचारलंच नव्हतं.

१५ फेब्रु.
नानाकाकांचं कार्ड: शनिवारपर्यंत मजकूर पाठव, दोन ओळी पुरेत. खरं लिहिलं तर आजीने जन्मभर जपलेलं मोडतं. खोटं लिहिलं तर तिने काय सोसलं ते कुणालाच कळायचं नाही. पान कोरंच.

१९ फेब्रु.
शनिवार गेला. काही पाठवलं नाही. सकाळी आत्या धुवट लुगडं नेसून दारात. साठ वर्षांची, पण चपलाही काढल्या नाहीत.
"चल माहीमला. मीच विचारते तिला."
"आणि तू कोण म्हणून सांगशील?"
"बघू," म्हणाली, आणि माझ्याआधी जिना उतरायला लागली.