काजूच्या बागेचा भावी मॅनेजर

९ एप्रिल, सकाळ
सासुरवाडीला पोचलो. सासऱ्यांचे गुडघे थकले आहेत. काजूची बाग कोणाच्या हाती द्यायची, ते या आठवड्यात ठरवणार. उमेदवार दोन: मी आणि साडू. साडू चित्रकला शिकवतो. म्हणजे उमेदवार एकच.
ऑफिसात मी माणसं सांभाळतो. झाडं तर जागची हलतही नाहीत. खरं सांगायचं तर ही बाग मला फार हवी आहे. राजीनामा मनात लिहून तयार आहे. हिला योग्य वेळी सांगेन.
संकल्प: कोलेस्टेरॉल आहे, तेव्हा दिवसाला पाचच काजू.

९ एप्रिल, संध्याकाळ
सासूबाईंनी घरचे भाजलेले काजू पुढे ठेवले. त्यात तुकडे बरेच होते. तुकडा म्हणजे काजू नव्हे. तुकडेच खाल्ले, वाटीभर.

१० एप्रिल
झाडाखालचा लालबुंद बोंडू, म्हणजे ज्याला काजूची बी लटकते ते फळ, खाल्ला. सासूबाई म्हणाल्या, मीठ लावा, नाहीतर घसा धरेल. मिठाने अस्सल चव मरते, असं मी त्यांना समजावलं. घसा धरला. हवापालट असावा. शर्टावर रस सांडला. ही म्हणाली, हा डाग जन्मात जायचा नाही. हिला नव्या डिटर्जंटची कल्पना नाही.

११ एप्रिल
बागेची पाहणी. इथे बोंडू पिकून आपोआप पडेपर्यंत बीला कोणी हात लावत नाही. मग कंबर मोडेस्तोवर वेचत बसतात. वर गंमत म्हणजे, हिरव्या बोंडूखालची बी पिकलेल्या बोंडूच्या बीपेक्षा मोठी असते! म्हणजे ही मंडळी बी आक्रसायची वाट बघतात. हिला बोललो. म्हणाली, आधी बाबांना विचार. विचारलं तर सरप्राइज कसलं?

१२ एप्रिल, सकाळ
घर उठायच्या आत विहिरीजवळच्या सगळ्यात लगडलेल्या झाडाच्या हिरव्या बिया उतरवल्या. टोपल्या भरल्या. साडू दात घासत आला आणि अरेरे म्हणाला. मत्सर.

१२ एप्रिल, दुपार
सासऱ्यांनी एक बी कापून पाहिली. आत गर भरलाच नव्हता. अर्धी बी माझ्या हातात ठेवून घरात गेले. मला वाईट वाटलं. झाडाने थोडी घाई करायला हवी होती.
निदान पिकलेली बी तरी आपल्याला फोडता येते हे दाखवावं, म्हणून एक न भाजताच दातांनी फोडली. टरफलात तेल असतं. भाजतं.

१३ एप्रिल
ओठ वडे झाले आहेत, तेलाने हातही सोलवटले आहेत. ही तासातासाला मलम लावते आणि तोंड फिरवून हसते.
आज सासऱ्यांनी प्रत्येकाला विचारलं, बागेचं काय काय कराल? माझी पाळी आली तेव्हा नुसतं ऊं ऊं झालं. मौनाचा प्रभाव पडला असणार.

१४ एप्रिल
बाग हिला दिली.
सासरे म्हणाले, ही फ्रॉकात होती तेव्हापासून बिया वेचते, हिला काय सांगायचं? साडूने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात सोलवटलेले असल्यामुळे हळू.
राजीनाम्याचं हिला आता सांगितलं. म्हणाली, नोकरी मुळीच सोडायची नाही. रजेच्या दिवसांत झाडाखाली बिया वेचायला यायचं, झाडाला हात लावायचा नाही.
फील्डवर्कच म्हणायचं.
दुपारी वेचता वेचता एक बोंडू खाल्ला, मीठ लावून. फारच गोड लागला. किती खाल्ले, असं हिने विचारलं. एकच म्हणालो. हिने शर्टावरच्या जुन्या-नव्या डागांकडे पाहिलं आणि म्हणाली, असू दे, आता बागेत हाच घालत जा.