गोळी शेवटी दमते

३ जुलै
प्राचार्यांनी आज अकरावीतली एक मुलगी माझ्या गळ्यात मारली. डोळ्यांनी दिसत नाही तिला. "सायन्सच हवंय म्हणते. एक प्रयोग करायला लावा. जमला तर ठेवू, नाहीतर आर्ट्स आहेच." आर्ट्स म्हणजे जणू हरवलेल्या सामानाची खोली!

४ जुलै
मुलीचा मामा सोबत आला होता. "बाई, तिला फार ताण देऊ नका हं." पोरगी फिसकारली — "मामा, तू बाहेर बस. ताण तुलाच आलाय."
आवडली मला.

६ जुलै
प्रयोगशाळेतली नेहमीचीच तिरकी फळी, फळीला खोबण, खोबणीतून लोखंडी गोळी सोडायची. ठरावीक वेळात किती पुढे जाते, ते मोजायचं. घड्याळ ती कुठून बघणार? मग खोबणीवर चार आडवे दोरे बांधले. गोळी दोऱ्यावरून गेली की टक्! गोळी सोडल्यापासून चारही टक् सारख्या वेळाने पडेपर्यंत दोरे सरकवायचे, मग सुरुवातीपासूनची चारही अंतरं खाचांच्या पट्टीवर बोटांनी मोजायची. पुस्तकाप्रमाणे यायला हवीत एक, तीन, पाच, सात.
माझं डोकं चालतं अजून!

९ जुलै
शंभरदा सोडली असेल गोळी. तिचं येतं एक, तीन, साडेचार, पाच.
"शेवटी दमते ती, बाई."
"पुन्हा कर."
"केलं पुन्हा. तुम्हीच ऐका ना!"
ऐकलं. मला नुसतं टकटक.

१० जुलै
प्राचार्य म्हणाले, "उत्तर चुकलंय. बाकी साठ जर्नलं बघा — एक, तीन, पाच, सात!" साठही मागच्या वर्षीच्या जर्नलांवरून उतरवलेली, ती त्याच्या मागच्यांवरून. खाली माझी सही. लफ्फेदार!
नवरा म्हणतो, "अगं, सही कर आणि मोकळी हो." तेच तर करत आलेय.

११ जुलै
फळीवर दोरा ताणून धरला. मधे अख्खं बोट शिरेल एवढा बाक! वरची बाजू उभी, खालची जवळजवळ आडवी. गोळी दमेल नाहीतर काय!
मुलीला सांगितलं.
"म्हणजे माझं बरोबर?" खुदकन हसली. मग लगेच — "मग बाकीच्यांचं तसं कसं आलं, बाई?"
मी पाणी प्यायला बाहेर गेले.

१२ जुलै
प्राचार्यांना लेखी दिलं — प्रयोग फक्त या मुलीने केला आहे. बाकीच्या साठ जणांनी गोळी सोडलेली नाही. आणि गेली अठरा वर्षं मीही नाही.