तळ्याला घातलेला हार

अण्णा,

तुमची विलायतेची तळी इथे जपानातसुद्धा येऊन पोचली. तुमच्यामागे सोलापूरचं घर रिकामं करताना तुमचा काळ्या पानांचा अल्बम मी भंगारात टाकायला काढला होता. माझ्या लेकाने तो पिशवीत घालून इथे ग्योतोकुला, त्याच्या घरी आणला आणि तुमच्या पणतीच्या हातात दिला. पोरगी इथल्या शाळेत फोटोच्या क्लबात आहे. वर्षातून एकदा शाळेची जत्रा असते, बुंकासाई म्हणतात, मुलांनी केलेलं सगळं वर्गावर्गांतून मांडतात. तिने तुमचे बारा फोटो निवडले आणि कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, मशीनवर मोठे छापून आणले. तळी, दगडी पूल, पडका किल्ला, चर्च. "आजी, पणजोबा सुगोई, एकदम भारी! एकाही फोटोत माणूस नाही. आमचे क्लबचे सर, सेन्सेई म्हणाले, असं थांबायला किती पेशन्स लागतो!" मग मला काम लावलं, की पणजोबांना पत्र लिही, मी त्याचं जपानी करून फोटोंखाली लावते. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चांगलं चांगलं लिहा हं आई." लिहून दिल्या चार चांगल्या ओळी. हे दुसरं पत्र आहे, हे कुठे लागायचं नाही.

पेशन्स होता तुमच्याजवळ, मी नाही म्हणत नाही. मिलने तुम्हाला नवे माग शिकायला दोन वर्षं तिकडे पाठवलं आणि रविवार आला की तुम्ही कॅमेरा गळ्यात अडकवून बस पकडायचात. पत्रात घरची चौकशी दोन ओळी, बाकी सगळं पाणी आणि डोंगर. एकदा लिहिलंत, पुलावर एक बाई कुत्रं घेऊन उभी होती, ती हलेपर्यंत दीड तास थंडीत थांबलो, माणूस मध्ये आला की चित्र बिघडतं. आईला वाचता येत नव्हतं, ती विड्या वळत बसायची आणि मी वाचून दाखवायची. "दीड तास?" ती म्हणाली. "माझ्यापाशी कधी दीड तास बसलेत का गं?" आणि हसून पुढचं पान कापायला घेतलं.

माझ्या शाळेबद्दलचं पत्रही मीच वाचलं. आईला खोकला धरला होता, ते तुम्हाला कोणीतरी कळवलं असणार. त्या पाकिटात एका खेड्यातल्या शाळेचा फोटो होता. दगडी भिंत, भिंतीवर वेल, वर घंटा. मागे तुमच्या अक्षरात, 'इथली गावची शाळा, सकाळचं ऊन'. आणि आतल्या कागदावर, मुलीची चौथी झाली तेवढं पुरे, तिला घरी ठेव, तुझ्या हाताशी होईल. मी खणखणीत आवाजात शेवटपर्यंत वाचलं, कारण वाचताना मध्ये थांबायचं नाही असं आमच्या बाईंनी शिकवलं होतं. आई म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारी विड्या वळायला सूप घेऊन बसले. अण्णा, एकाच पाकिटात दोन्ही घालताना तुमचा हात कसा अडला नाही? साठ वर्षं झाली, मला याचं उत्तर सापडलेलं नाही. पोरीने तोच फोटो पहिला लावलाय.

तुम्ही परत आलात तेव्हा आईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं. एक फोटो. शेजारच्या काकूंची नथ मागून आणली, हिरवं लुगडं नेसली, दुपारभर खोकला दाबून उंबऱ्याशी बसली. तुम्ही सायकलवरून आलात, कॅमेरा काढलात, डोळ्याला लावलात, इकडून बघितलंत, तिकडून बघितलंत. "उजेड गेला. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी पहाटे कॅमेरा घेऊन गेलात कुठे, तर सिद्धेश्वराच्या तळ्यावर. देवळाची सावली पाण्यात सरळ पडते म्हणून! आई नथ परत द्यायला निघाली तेव्हा मी रागाने रडत होते. मला म्हणाली, "गप गं. त्यांना न हलणारं आवडतं. मी हलते." त्यानंतर अजून दोनदा ती तशी बसली. एकदा तुमचा रोल संपला होता, एकदा तुम्ही विसरलात. चौथ्यांदा नथ मागायला ती गेलीच नाही.

आई वारली आणि वर्षश्राद्धाला आत्याने चौकट आणली. चौकट आहे, फोटो नाही. "रिकामी भिंत बरी दिसत नाही रे," आत्या म्हणाली, तर तुम्ही आत जाऊन तुमचा सगळ्यांत चांगला फोटो आणलात आणि चौकटीत बसवलात. मोठं तळं, काठावर होडीचं दगडी घर. "हा काढताना मला तिची आठवण आली होती," म्हणालात. तेव्हा सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी नाही लावला. मला त्या तळ्याला हार घालायला लावलात, कुंकू लावायला लावलात. विडीच्या कारखान्यातली एक मावशी आली, हात जोडून मला हळूच विचारते, "ही गंगा का गं?" मी म्हटलं, "नाही मावशी, इंग्रजांचं पाणी आहे." आत्याने तिथल्या तिथे माझ्या मुस्काटात दिली आणि तुम्ही खाली बघत राहिलात. दर वर्षी आम्ही त्या पाण्याला नैवेद्य दाखवला, अण्णा. मी सासरी जाईपर्यंत.

इथे आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते, माझ्याच वयाची. तिने जिवंतपणीच स्टुडिओत जाऊन, चांगला किमोनो घालून, आपल्या अंत्यविधीत मांडायचा फोटो काढून ठेवलाय. मला घरी नेऊन दाखवला. पोरीने तिचं बोलणं समजावून सांगितलं, "आजी, ती म्हणते, मुलांवर सोडलं तर ती भलताच फोटो लावतात." म्हातारी खो खो हसत होती. मला हसू येईना.

तुम्ही पुढे चौकटीतून काढून अल्बममध्ये परत लावलेल्या होडीच्या घराच्या फोटोवर वरच्या बाजूला एक लाल डाग आहे, काचेच्या फटीतून कुंकू आत गेलेलं. पोरीने विचारलं, हे काय? सांगितलं सगळं. तिला अर्धं मराठी कळतं, पण हे पुरतं कळलं. मग म्हणाली, "पणजी दिसायची कशी?"

तंबाखूचा वास येणारी बोटं आठवतात, मानेवरचा अंबाडा आठवतो, खोकला तर या खोलीतसुद्धा ऐकू येतो. चेहरा नाही. मी तुमच्या नावाने काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. पण पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून म्हटलं, "अशीच. हुबेहूब माझ्यासारखी."

तिने मला खिडकीशी बसवलं. एक मिनिटही लागलं नाही. "हललीस तरी चालेल, आजी," म्हणाली. तो फोटो तिने तुमच्या तळ्यांच्या बरोबर मधोमध लावला आणि खाली जपानीत लिहिलं, 'माझी पणजी अशी दिसायची.' माणसं फोटो बघत बघत येतात आणि तिथे थांबतात. तिचे सेन्सेई तर फोटोसमोर कमरेत वाकले, नंतर माझ्यासमोर वाकले.

पण आईचं माझ्यात काहीच आलेलं नाही. कारखान्यातल्या बायका आईच्या तोंडावर म्हणायच्या, पोरगी नुसती बापाचा साचा आहे गं, तुझं नखसुद्धा घेतलं नाही हिने. हे नाक तुमचं, हनुवटी तुमची, भुवया जुळलेल्या तुमच्या. तिच्या जागी तिथे तुम्हीच लागला आहात. आणि हे मी पोरीला अजून सांगितलेलं नाही.