मुक्ताच्या अर्जावरची खूण

९ जून २०२५, सोमवार
स. ११.४०. प्रवेश अर्जाच्या पावतीवर छापलेली हीच वेळ, म्हणून हीच धरते.

मुक्ताला, माझ्या नातीला, व्हिडिओ गेम बनवायचेत. बारावी झाली. नव्या खाजगी विद्यापीठात गेलो. दोन पदव्या आहेत: गेम प्रोग्रामिंग आणि ॲनिमेशन. तिनं स्पष्ट सांगितलं, "प्रोग्रामिंग." टाय लावलेला समुपदेशक म्हणाला, "बेटा, मुलींना चित्रांची बाजू बरी पडते." मी म्हटलं, "तुम्हाला बरी पडत असेल तर तुम्ही घ्या." हसला. अर्ज त्यानंच संगणकावर भरला.

घरी आल्यावर मुक्तानं कागद उघडला. खूण ॲनिमेशनपुढे.

१० जून
शिरीषचा पुण्याहून फोन. बाप म्हणून त्याचं मत, "आई, डिग्री ती डिग्री. नोकरी लागताना कोण बघतं."
"मग तू सिव्हिल करून दात का नाही काढत लोकांचे?"
ठेवला फोन.

दोन्ही अभ्यासक्रम छापून आणले, पेन घेऊन बसले. ॲनिमेशनमध्ये प्रोग्रामिंगचा एकच पेपर, तोही तिसऱ्या वर्षी, तोही ऐच्छिक. मुक्ताला विचारलं, नक्की फरक काय, मला कळेल असं सांग. म्हणाली, "आजी, ॲनिमेशनवाले माणूस पळताना दाखवतात. तो भिंतीवर आपटला की काय होणार, ते मला ठरवायचंय."
कळलं. शिरीषला नाही कळणार.

११ जून
तिनं केलेला गेम खेळले. वेरूळच्या लेण्यासारखा डोंगर, वरून खाली कोरत यायचं. चुकीचा दगड काढला की छत अंगावर. चार वेळा मेले. पाचव्यांदा खांब राखला. चहा गार झाला. ही पोर चित्रं रंगवत बसणार नाही.

१२ जून
विद्यापीठात. समुपदेशक "मीटिंगमध्ये". खिडकीवरचा कारकून: "शाखा बदलत नाय मॅडम. पालकाची सही हाय ना खाली."
सही आहे.
लिहून टाकते, नाहीतर पोटात राहील. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात जन्म गेला. न वाचता एकाही कागदावर सही केली नाही, साहेबांनी डोळे वटारले तरी. सोमवारी केली. तो समुपदेशक म्हणाला होता, "मॅडम, काय सुंदर इंग्रजी तुमचं. कॉन्व्हेंट?" नन्सनी उच्चार कसे घोटून घेतले ते मी सांगत बसले आणि सांगता सांगता सही...
मुक्ता शेजारीच होती.

१४ जून
आज मुक्ता सहीबद्दल बोलली. "तुझं उच्चारांचं भाषण मी पण ऐकत होते आजी. मी तरी कुठं वाचलं?" मग म्हणाली, नाही बदललं तर एक वर्ष थांबेन, ॲनिमेशन करणार नाही. शांतपणे म्हणाली. प्रोग्रामिंगची यादी २१ तारखेला बंद.

१६ जून, सोमवार
शाखा बदलण्याचा अर्ज नेला, दोन प्रती. कारकून म्हणाला, "ठेवा इथं, देतो सरांना."
"आवक क्रमांक टाका. माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही."
"असं नाय करत इथं कुणी."
"तुम्ही करणार आहात." खुर्ची ओढून खिडकीसमोर बसले. पाऊण तासानं कुठल्याशा कपाटातून शिक्का निघाला. शाई वाळलेली. माझ्या पर्समध्ये पॅड होतं.

दिलेल्या अर्जाचा शेवट इथं उतरवून ठेवते. मुक्ता म्हणाली होती, सहीचं नको लिहूस, ते तेच धरून बसतील. मी लिहिलं.

"सही माझी आहे. ती न वाचता केली, ही चूक माझी. खूण मात्र माझी नाही आणि माझ्या नातीचीही नाही. तिनं आपल्या समुपदेशकासमोर मोठ्यानं 'प्रोग्रामिंग' म्हटलं होतं. माझ्या चुकीची शिक्षा तिच्या चार वर्षांना देता येणार नाही. तिचा प्रवेश गेम प्रोग्रामिंगला वर्ग करावा. करत नसाल तर कोणत्या नियमान्वये, ते नमूद करावे. लेखी उत्तर शुक्रवार, २० जून, दुपारी चार वाजण्यापूर्वी माझ्या हाती मिळावे. तोंडी खुलासा स्वीकारला जाणार नाही."